पाठीवर डोळे, तोंडात लोखंड

कॅरिबियन बेटांच्या उघड्या किनाऱ्यांवर समुद्र कधी गप्प बसत नाही. लाट आदळते, फेस उडतो, पाणी ओसरतं, तोवर दुसरी लाट हजर. वरून ऊन भाजून काढतं. पायाखाली चुनखडीचा असा धारदार कातळ, की चप्पल काढायची सोय नाही. अशा जागी, भर दुपारी, बोटभर लांबीचा एक राखाडी प्राणी दगडाला चिकटून बसलेला असतो. हलत नाही. डोकं कुठलं आणि शेपूट कुठली, कळत नाही. पाठीवर शेवाळ चढलेलं. येणारा-जाणारा त्याला दगडाचाच उंचवटा समजून पुढे जातो. तो प्राणी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असतो, तेही शेकडो डोळ्यांनी. आणि त्यातल्या प्रत्येक डोळ्याचं भिंग खनिजाचं, सरळ सांगायचं तर दगडाचं असतं.

याचं शास्त्रीय नाव अॅकॅन्थोप्लुरा ग्रॅन्युलाटा. घराण्याचं नाव कायटन. गोगलगाई, कालवं, माकूळ या मंडळींचा हा नातेवाईक. मृदुकाय प्राण्यांच्या खानदानातली एक फार जुनी शाखा. आज जगात कायटनच्या सुमारे १,००० जाती आहेत. झाडून सगळ्या समुद्रातल्या; गोड्या पाण्यात एक नाही, जमिनीवर एक नाही. त्यांचे जीवाश्म सुमारे ५० कोटी वर्षं मागे जातात. जबडा असलेला एकही मासा तेव्हा समुद्रात नव्हता.

खडकावर राहणारे प्राणी पुष्कळ आहेत. कायटनने त्यापुढे जाऊन खनिजंच अंगात मुरवली. पाठीत चुना, डोळ्यात चुना, दातात लोखंड. माझ्या मते किनाऱ्यावरचा इतका दुर्लक्षित आणि इतका थक्क करणारा दुसरा प्राणी नाही.

मोजून आठ

कायटनच्या पाठीवर एकामागे एक आठ कवचपट्ट्या असतात. नखाएवढा कायटन असो वा हातभर, पट्ट्या आठच. जन्मजात गफलतीने एखाद्याला सात किंवा नऊ येतात, पण तो अपवाद. पिल्लाच्या अंगावर आधी सात उमटतात आणि शेपटीकडची आठवी मागाहून येते.

पट्ट्यांच्या भोवती जाड, स्नायूंची झालर असते. कुठल्या जातीत तिच्यावर बारीक खवले, कुठल्या जातीत काटे, कुठल्या जातीत चक्क केस. खाली सपाट, रुंद पाय. पाय आणि झालर यांच्यामधल्या खोबणीत दोन्ही बाजूंना कल्ल्यांची रांग. काही जातींत या कल्ल्यांच्या सहाच जोड्या असतात, काहींत ऐंशीहून जास्त.

आता यांची पकड. झालर दगडावर दाबून धरायची आणि तिची आतली कड किंचित वर ओढायची, की खाली निर्वात तयार होतो. शिवाय पायाची चिकट पकड आहेच. बर्म्युडात लोक यांना दगड चोखणारे म्हणूनच ओळखतात. लाटेने एखादा उपटून काढलाच, तर आठ पट्ट्या सुट्या असल्यामुळे तो पोट आत घेऊन गोल गुंडाळी करतो. अखंड शिंपल्याला हे कधीच जमणार नाही. वाकड्यातिकड्या दगडावर अंग टेकवायलाही ह्याच सुट्या पट्ट्या कामी येतात.

आधी डोळे जातात, मग येतात

कायटनचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा ते पाण्यात तरंगणारा, डोळ्यांनी नीट दिसेल न दिसेल इतका बारीक जीव असतं. त्याला दोन साधे डोळे असतात. काही काळ पोहून ते खडकावर उतरतं, रूप पालटतं, आणि पुढे ते डोळे नाहीसे होतात. मोठ्या कायटनच्या तोंडापाशी ना डोळा, ना मिशी, ना शिंग. मग पाठीवरच्या कवचातून नव्याने डोळे उगवतात.

मुळात कायटनची कवचपट्टी निर्जीव नसतेच. तिच्यात हजारो बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांतून संवेदनशील पेशी थेट पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या असतात. शिंपल्याचं कवच हे नुसतं झाकण असतं. कायटनचं कवच हे झाकणही आहे आणि ज्ञानेंद्रियही. काही जातींत यातल्याच काही ठिकाणी पूर्ण डोळा बनतो: बाहेर भिंग, आत पडदा, मागे नस. चॅलेंजर जहाजावरून जगभर समुद्र धुंडाळून आलेले इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १८८५ मध्ये या डोळ्यांवर सविस्तर लिहिलं. पण त्या डोळ्यांना नक्की दिसतं काय? नुसता उजेड-अंधार कळतो की वस्तूही दिसते? हा प्रश्न पुढे सव्वाशे वर्षं तसाच राहिला.

२०११ मध्ये डॅनियल स्पायसर, डग्लस अर्निस आणि सॉन्के योनसेन यांनी तो सरळ कायटनलाच विचारला. निवांत असलेला अॅकॅन्थोप्लुरा झालरीची कड जराशी उचलून श्वास घेत बसतो. संशोधकांनी त्याच्या वर अचानक एक काळी चकती आणली. त्याने फटकन कड खाली दाबली. मग चकती न आणता, तितकाच उजेड सगळीकडून एकसारखा कमी केला. कायटन ढिम्म. म्हणजे त्याला सावली नुसती जाणवत नव्हती, त्याला वस्तू दिसत होती. नजर फार तीक्ष्ण नाही. त्याच्या दृष्टीच्या पटावर सुमारे ९ अंश जागा व्यापणारी गोष्ट त्याला कळते. हात लांब करून मूठ वळली तर ती साधारण तेवढीच जागा व्यापते. पण वरून झडप घालणारा मासा किंवा पक्षी वेळेत ओळखायला एवढं पुरतं.

भिंग कशाचं, हेही याच मंडळींनी दाखवून दिलं. आपल्या डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं असतं, बहुतेक सगळ्या प्राण्यांचं तसंच. अॅकॅन्थोप्लुराचं भिंग अॅरागोनाइटचं. मोती ज्या चुन्याचा बनतो, तोच हा चुना. एकेक डोळा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून लहान.

आता खरी कसरत. कवच हे संरक्षणासाठी असतं. त्याला जागोजागी भोकं पाडून आत मऊ पेशींचे डोळे बसवले की ते तिथे कमजोर होणारच. लिंग ली, मॅथ्यू कॉनर्स, जोआना आयझेनबर्ग, क्रिस्टीन ऑर्टिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे मोजून पाहिलं. डोळ्याची जागा खरोखरच उरलेल्या कवचापेक्षा कमी ताकदीची निघाली. पण डोळे असतात कुठे? पाठीवरच्या उंचवट्यांच्या मधल्या खोलगट भागात. घाव बसला तर आधी उंचवट्यावर बसतो. नजर मिळवायची तर चिलखत थोडं पातळ करावं लागतं, आणि तो तोटा कवचाच्या चढउतारांनी भरून काढला जातो. हे गणित मला त्या डोळ्यांपेक्षाही जास्त आवडतं.

लाटांनी, वाळूने जुने डोळे घासून निकामी होत राहतात. कायटन वाढतो तशी कवचपट्टीची कड वाढते, आणि त्या कडेला नवे डोळे येत राहतात. आयुष्यभर. म्हाताऱ्या कायटनच्या पट्टीचा मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला असतो, कडेला मात्र ताजे काळे ठिपके.

२०२४ मध्ये रिबेका व्हार्नी आणि सहकाऱ्यांनी कायटनची वंशावळ मांडली तेव्हा आणखी एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. या घराण्यात पाठीवरची दृष्टी एकदा नव्हे, चार वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे उगवली आहे. दोन शाखांनी भिंगाचे मोठे डोळे केले, दोन शाखांनी साधे, अगदी बारीक पण हजारोंच्या संख्येने असलेले दृष्टिबिंदू. कुठली शाखा कुठल्या वाटेने जाणार, हे कशावर ठरलं? कवचपट्टीच्या कडेला नसा आत जाण्यासाठी ज्या फटी असतात, त्यांच्या संख्येवर. फटी कमी, तर थोडे पण चांगले डोळे. फटी जास्त, तर खूप पण साधे. कोट्यवधी वर्षांपूर्वी कवचाला किती खाचा होत्या, यावर पुढच्या पिढ्यांची नजर ठरली.

लोखंडाचे चणे

कायटन खातो काय? खडकावरचं शेवाळ. हे शेवाळ दगडाच्या पृष्ठभागावर पातळ थरात असतं, काही तर दगडाच्या आतही शिरलेलं असतं. ते मिळवायचं तर दगड खरवडायला हवा. म्हणून तोंडात रेत्रिका, म्हणजे दातांच्या ओळी असलेली लांब फीत. कानशीने लोखंड घासावं तशी ती तो दगडावर ओढतो.

एका ओळीत १७ दात. अशा कितीतरी ओळी एकामागे एक. सतरापैकी दोन दात मोठे आणि टोकाला काळेकुळकुळीत. ही रेत्रिका बाहेर काढून तिच्याजवळ लोहचुंबक नेला तर ती त्याच्याकडे ओढली जाते, कारण तो काळा रंग मॅग्नेटाइटचा आहे. लोहाचं खनिज, होकायंत्राच्या जन्मापासून माणसाच्या ओळखीचं.

१९६२ पर्यंत भूशास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की मॅग्नेटाइट बनायला पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि दाब लागतो. त्या वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी कायटनच्या दातावर तेच खनिज दाखवलं. एक मऊ अंगाचा प्राणी समुद्राच्या गार पाण्यात, भट्टीशिवाय, तोंडातल्या तोंडात मॅग्नेटाइट घडवत होता. सजीवाने हे खनिज बनवल्याचा हा पहिला पुरावा. पुढे काही जिवाणूंमध्येही मॅग्नेटाइट सापडलं आणि जीवशास्त्र आणि खनिजशास्त्र यांच्यामधली भिंत पडू लागली.

रेत्रिका भिंगाखाली धरली तर हा सगळा कारखाना एका नजरेत दिसतो. फितीच्या मागच्या टोकाला दात नुकते जन्मलेले: पांढुरके, पारदर्शक, बिनलोखंडाचे. थोडं पुढे या, रंग गंजाचा होतो, तांबूस तपकिरी. लोह येऊन बसू लागलेलं असतं. आणखी पुढे तोच दात काळा पडलेला. पुढच्या टोकाला, तोंडापाशी, झिजून बोथट झालेल्या ओळी. झिजलेली ओळ गळून पडते, मागची सरकते. दात जन्मल्यापासून झिजून जाईपर्यंतचे सगळे टप्पे एकाच फितीवर ओळीने मांडलेले. खनिज कसं घडतं ते पाहायला याहून सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही, आणि म्हणून जगभरच्या पदार्थवैज्ञानिकांनी कायटनला धरून ठेवलंय.

त्यांनी मोजलेली गोष्ट: कायटनच्या दाताचं टोक हा सजीवांनी बनवलेल्या पदार्थांमधला सर्वांत कठीण म्हणून नोंदला गेलेला पदार्थ आहे. आपल्या दाताच्या चकाकत्या आवरणाहून कितीतरी वरचढ. तरी दात तुटत नाही, कारण बाहेर कठीण मॅग्नेटाइट, आत तुलनेने नरम गाभा, आणि मुळाशी लवचीक फीत. २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डर्क योस्टर यांच्या गटाला दाताच्या देठात सांताबार्बराइट नावाचं खनिज सापडलं. ते तोवर फक्त खडकांत माहीत होतं, कुठल्याच प्राण्यात नाही. हलकं, तरी मजबूत. या गटाने त्यावरून त्रिमिती छपाईची शाईही तयार केली. २०२५ मध्ये जपानच्या मिचिको नेमोतो आणि अमेरिकेतल्या डेव्हिड किसायलस यांच्यासह संशोधकांनी दातात लोह योग्य जागी नेऊन बसवणारं प्रथिन ओळखलं. भट्टी न पेटवता कठीण वस्तू बनवायची, तर हा प्राणी ती कला कशी साधतो हे समजून घेणं फार मोलाचं आहे.

दातांचा परिणाम किनाऱ्यावरही दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या वन ट्री बेटावर अॅकॅन्थोप्लुरा गेमाटा या जातीचा अभ्यास झाला. एक कायटन वर्षाला साधारण दीडशे ग्रॅम प्रवाळखडक खरवडून पोटातून काढतो. एकट्याचा हा हिशेब; खडकावर असे शेकडो असतात. मराठीत लोखंडाचे चणे खाणं म्हणजे फार कष्टाचं काम. इथे दात लोखंडाचे आणि चणे दगडाचे.

घरावरून भांडण

याच गेमाटा जातीची आणखी एक सवय. दगडात स्वतःच्या मापाची एक खोलगट जागा असते. ओहोटीला, बहुधा रात्री, हा चरायला निघतो आणि पोटभर शेवाळ खाऊन नेमका त्याच जागेवर परत येतो. वाट कशी सापडते? जाताना मागे सोडलेल्या चिकट रेषेवरून. स्वतःचीच वहिवाट धरून घरी.

इटालियन संशोधक ग्विदो केलाझी यांच्या गटाने १९८० च्या दशकात सोमालियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे आपल्याच हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावर, या कायटनांवर पाळत ठेवली. त्यांना दिसलं, की घरासाठी चक्क भांडणं होतात. मालक परत आला आणि जागेत दुसराच कोणी बसलेला दिसला, की तो त्याला अंगाने ढकलू लागतो. दोन कायटन एकमेकांना रेटतायत, हे दृश्य फार सावकाश चालत असणार. पण त्यात पणाला लागलेली गोष्ट मोठी आहे. उन्हातान्हात, लाटांत, झालर नीट बसेल अशी जागा नसेल तर अंगातलं पाणी जातं आणि जीवही जातो.

चाळीस वर्षांचा लालभडक आजोबा

आता उत्तर पॅसिफिककडे. जपानच्या होक्काइडोपासून अलास्कामार्गे दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंत क्रिप्टोकायटन स्टेलेरी आढळतो. जगातला सर्वांत मोठा कायटन. लांबी ३० सेंटिमीटरहून जास्त, वजन दोन किलोपर्यंत, आयुष्य ४० वर्षं किंवा त्याहून अधिक. रंग विटेचा, लालसर. याच्या आठही पट्ट्या कातडीच्या आत पूर्ण झाकलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून हा नुसता मांसाचा गोळा दिसतो. अमेरिकेत याला त्यावरून थट्टेची नावं पडली आहेत. मला ती मुळीच आवडत नाहीत. तो मेल्यावर आतल्या पट्ट्या सुट्या होऊन किनाऱ्यावर येतात, पांढऱ्या, दोन पंख पसरल्यासारख्या. कॅलिफोर्नियात लोक त्या फुलपाखरू-शिंपले म्हणून वेचतात आणि पुष्कळांना त्या कोणाच्या हे ठाऊकही नसतं.

एवढा मोठा असून याची पकड भावंडांत कमजोर. वादळानंतर हाच जास्त वेळा वाळूवर फेकला गेलेला सापडतो. पण त्याच्या पायाशेजारच्या खोबणीत भाडेकरू मुक्कामाला असतात: एक खवल्यांचा किडा आणि काही ठिकाणी वाटाण्याएवढा खेकडा. ताजं पाणी आणि सुरक्षित छप्पर दोन्ही फुकट.

नावातला स्टेलर म्हणजे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ गेओर्ग स्टेलर. १७४१ मध्ये दर्यावर्दी बेरिंगच्या मोहिमेबरोबर तो अलास्काला पोचला. त्याच्याच नावाची समुद्रगाय त्यानंतर तीसेक वर्षांच्या आत शिकारीने नष्ट झाली. कायटन टिकला.

काळा, चकचकीत आणि गावाचा लाडका

अलास्काच्या त्याच किनाऱ्यांवर, पण लाटांचा मार सर्वांत जास्त असतो तिथे, कॅथरिना ट्युनिकाटा राहतो. काळी, चामड्यासारखी झालर जवळजवळ सगळी पाठ झाकते. प्रत्येक पट्टीचा चौकटच्या आकाराचा तेवढा तुकडा उघडा राहतो. बरेच कायटन ऊन टाळतात, हा उघड्यावर बसतो. कॅथरिना हे नाव लेडी कॅथरिन डग्लस यांच्यावरून. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून विल्यम वुड यांनी १८१५ मध्ये या जातीचं वर्णन केलं.

केनाई द्वीपकल्पाच्या टोकाला पोर्ट ग्रॅहम आणि नॅनवालेक ही सुगपियाक लोकांची दोन गावं आहेत. तिथे या कायटनला उर्रिताक किंवा बिडार्की म्हणतात आणि आवडीने खातात. तो कमी होत चालल्याचं गावातल्या ज्येष्ठांच्या लक्षात आलं. सागरी परिसंस्थांच्या अभ्यासक अॅन सालोमन यांनी गावकऱ्यांच्या बरोबरीने त्याची कारणं शोधली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केली. निघालं ते असं: आधी सी अर्चिन, खेकडे, शिंपले असे एकेक जिन्नस किनाऱ्यावरून संपत गेले. उरला बिडार्की. मग माणसांचाही भार त्याच्यावर आणि संख्या सावरून परतलेल्या समुद्री पाणमांजरांचाही. शेवाळ चरणारा हा प्राणी घटला की किनाऱ्यावरचं शेवाळ बदलतं आणि त्यावर जगणारं सगळंच बदलतं. ज्येष्ठांच्या आठवणी आणि खडकावर केलेली मोजदाद, दोन्ही एकमेकांना पूरक ठरल्या. शास्त्र असंही करता येतं, याचा हा फार चांगला नमुना.

दुर्मीळ शिकारी

कायटन म्हणजे शेवाळ खरवडणारा, हे सगळं वाचून झाल्यावर प्लॅसिफोरेला वेलाटाला भेटा. अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात आणि त्याहून खोल, कपारींत आणि दगडांच्या खालच्या अंगाला हा राहतो. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांनाही क्वचितच दिसतो. अंग जवळजवळ गोल, लांबी पाच-सहा सेंटिमीटर.

याच्या झालरीचा पुढचा भाग पसरट होऊन पदर बनला आहे. तो हा पदर उचलून धरतो आणि थांबतो. अगदी थांबतो. कोळंबीच्या जातकुळीतला एखादा बारीक जीव आडोसा समजून पदराखाली शिरतो. पदर खाडकन खाली येतो, आणि याचा वेग पाहून हा कायटन आहे यावर विश्वास बसत नाही. मग सापडलेला घास तोंडाकडे. लोवेनस्टॅम यांचा मॅग्नेटाइटचा शोध आला, त्याच १९६२ सालात जेम्स मॅक्लीन यांनी ही शिकार शास्त्रीय जगापुढे मांडली. तो शेवाळही खातो, पण आपल्या घराण्यात शिकारीची विद्या त्याच्या वाट्याला आली. आणि ती आली कशातून? दगडाला घट्ट धरण्यासाठी असलेल्या झालरीतूनच. हत्यार नवं नाही, वापर नवा.

घराण्यातले काही जण तर खडकच सोडून गेलेत. खोल समुद्राच्या अंधारात फेरेइराएला नावाचे कायटन बुडून तळाला गेलेल्या लाकडांवर जगतात.

गुडघ्यावरचा कायटन

झालरीवरचे खवले मिलिमीटरहून लहान असतात. एकेक कडक, पण खालच्या मऊ कातडीत बसवलेले. त्यामुळे झालर वाकतेही आणि चावणाऱ्याला दादही देत नाही. कडक आणि लवचीक हे दोन्ही गुण एकत्र आणणं माणसाच्या चिलखताला नेहमी अवघड गेलं. वर आलेल्या कॉनर्स आणि ली यांनी सहकाऱ्यांसह कॅनरी बेटांच्या नावाच्या रायसोप्लॅक्स कॅनारिएन्सिस या कायटनच्या खवल्यांचा आकार मोजला आणि २०१९ मध्ये त्याच धर्तीवर त्रिमिती छपाईने गुडघ्याचं संरक्षक कवच बनवलं. गुडघा वाकवला तर वाकतं, काचेच्या तुकड्यांवर टेकलं तर आत काही घुसत नाही.

आपल्या कातळावर

कायटन पाहायला कॅरिबियनला जायची गरज नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांपासून रत्नागिरी, मालवण, गोव्यापर्यंत कातळावर ते आहेत. फक्त लहान आहेत; बोटाच्या पेराएवढे, दगडाच्याच रंगाचे, आणि दिवसा सावलीच्या बाजूला सरकलेले. कालवं फोडणाऱ्यांच्या आणि खेकडे शोधणाऱ्यांच्या वाटेत ते रोज येत असतात.

बघायचे असतील तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरा. उधाणाच्या दिवसांत भरती जशी वर चढते, तशी सुकतीही खूप खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला कातळ उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, तेवढं हाताला लागत नाही. पावसाळा सोडून द्या. निसरड्या खडकावर आणि खवळलेल्या पाण्याशी खेळ नको. पाणी फिरण्याआधी तासभर पोचा, ते चढू लागलं की निघा. कपारी, खळग्यांच्या कडा, ओल धरलेल्या दगडांची उत्तरेकडची बाजू बघा. लंबगोल अंग आणि त्यावर आडव्या रेघा दिसल्या की थांबा आणि रेघांनी पडलेले भाग मोजा. आठ भरले, तर तो कायटनच. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग जवळ असेल तर झालरीवरचे खवलेही दिसतील. उचकटून काढायच्या फंदात पडू नका. पकड अशी असते की तो निघेपर्यंत फाटतो. मान वाकवून, बसून, जागच्या जागी पाहा. आणि दगड उलटलाच असेल तर होता तसा, त्याच अंगावर परत ठेवा, कारण खालच्या ओल्या सावलीत राहणारी सगळी वस्ती ऊन लागलं की वाळून मरते.